मेनाची माणसं

विनी मॉन्गनशी वाद घालायला जिल्हा रुग्णालयात सहसा कुणी धजावत नसे. बाई उंचीला बेताची, अंगाने भरलेली, आणि जीभ अशी की समोरच्याने आपण काय बोलायला आलो होतो तेच विसरावं. नर्सिंग संशोधनाची प्रमुख म्हणून तिच्या नावाची पाटी दारावर लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिच्याखाली पेन्सिलीने 'कल्हईवाली' असं लिहून ठेवलं. विनीने ते पुसलं नाही. उलट येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायला लागली. "अक्षर बघा किती वळणदार आहे. शिकलेल्या माणसाचं दिसतंय." ज्याने कुणी लिहिलं होतं, त्यानेच मग गुपचूप येऊन ते पुसून टाकलं.

कल्हईवाली ती होतीच. बाप पत्र्याचे डबे-बादल्या घडवायचा, भांड्यांना कल्हई करायचा, आणि घोड्याच्या वॅगनमधून सारं बिऱ्हाड क्लेअरपासून रोस्कॉमनपर्यंत रस्त्याच्या कडेकडेने हिंडायचं. ही माणसं स्वतःला फिरस्ते म्हणवतात, आणि उरलेल्या सगळ्या आयर्लंडला गाववाले. गाववाल्यांना फिरस्ते नकोत, आणि फिरस्त्यांना गाववाल्यांचं काही पडलेलं नाही, असं दोन्हीकडची माणसं ठासून सांगतात. दोन्हीकडची खोटं बोलतात.

बाप गेला तेव्हा विनी नुकती नर्स झाली होती. तो गेला दुसऱ्याच एका शहरातल्या रुग्णालयात. तिथे नियम होता, खाटेपाशी एका वेळी दोनच माणसं. फिरस्त्यांमध्ये माणूस निघालं असं कळलं की सगळं गणगोत येतं. चुलते, मावश्या, सोयरे, ज्यांच्याशी घोड्याच्या व्यवहारावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद आहे तेसुद्धा येतात, भिंतीला टेकून उभे राहतात आणि जाणाऱ्याला चेहरा दाखवतात. आपली माणसं बघत बघत जावं, एवढीच त्यामागची गोष्ट. त्या दिवशी दारात वॉचमन उभा केला गेला, मग पोलीस बोलावले गेले. बाप गेला तेव्हा आत विनीची आई आणि एक भाऊ होता. विनी अंगावर नर्सचा गणवेश असून बाहेर होती.

त्या दिवसाचा राग तिने वाया जाऊ दिला नाही. नोकरी करता करता पुढे शिकली, आणि पुढची कित्येक वर्षं फिरस्त्यांच्या ट्रेलरमध्ये, चुलीशेजारी बसून एकच विचारत राहिली: तुमचं माणूस रुग्णालयात कसं गेलं? कोण होतं जवळ? कोण नव्हतं? लोक सांगत, रडत, तिला शिव्याही देत, कारण आता ती गाववाल्यांच्या पगारावर होती. त्या सगळ्यातून तिने जे लिहिलं, ते पुढे डब्लिनच्या मोठ्या सभांमध्ये वाचलं गेलं. पण विनीला त्याचं कौतुक नव्हतं. तिला कौतुक होतं ते मोठ्या खोलीचं. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, जुन्या सामानाची अडगळ हलवून, तिने भांडून मिळवलेली एक खोली. भरपूर खुर्च्या, चहाची किटली, भिंतीला टेकायला जागा. शेवटच्या घटकेला माणसं कितीही येवोत, त्यांना कुणी हटकायचं नाही.

आणि भांडण तिने फक्त आपल्यांसाठी केलं नाही. केरळहून आलेल्या जेसीला पंधरा वर्षांचा अनुभव असून कुणी इन्चार्ज करत नव्हतं. विनीने आकडे काढले, रंग आणि बढती यांचा हिशेब समोर मांडला, आणि जेसी त्या मजल्याची सिस्टर इन्चार्ज झाली. नर्सिंगच्या कॉलेजात शिकवायला गेली की विनी फळ्याकडे पाठ करून एकच बोलायची. "लपू नका. तुम्ही कोण आहात ते पहिल्या दिवशी सांगा. रोगी तुमच्यापासून काही लपवत नाही, मग तुम्ही का लपता?"

एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, एखादीला लपूनच राहायचं असेल तर?"

"तर कुणी तिला घाबरवलंय ते शोधायचं," विनी म्हणाली, आणि पुढे बोलायचं होतं ते विसरली. कारण विचारणारी मुलगी ओर्ला गार्वी होती. मेनाची लेक. आपण मेनाची लेक आहोत, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

मेना ही विनीची मावसबहीण. विनी लहान असताना वॅगनच्या दारातून तिने बसची वाट बघणारी मेना पाहिली होती, पांढऱ्या गणवेशात. नर्स व्हायचं विनीने तेव्हाच ठरवलं. मेनाने मात्र तो गणवेश मिळवायला गावातल्या एका ओळखीच्या बाईचा पत्ता आपला म्हणून दिला होता, बोलण्याची ढब बदलली होती, नाव फिल करून घेतलं होतं. शिकत असताना वसतिगृहात शेजारच्या खाटेवरची मुलगी म्हणाली, "कल्हईवाल्यांना हात लावल्यावर मी दोनदा धुते," आणि मेना सगळ्यांबरोबर हसली. एकदा हसली ती हसली. त्यानंतर परत यायची वाट राहिली नाही. फिंटन गार्वीशी लग्न केलं तेव्हा तिने त्याला सांगितलं, मी नन्सच्या आश्रमात वाढले, मला मागेपुढे कुणी नाही.

योगायोग असा, की पुढे दोघी एकाच रुग्णालयात आल्या. कॉरिडॉरमध्ये समोर आल्या की "कशी आहेस, फिल?" "बरी आहे, विनी," एवढंच. एकदा मात्र जिन्यात दोघीच होत्या, तेव्हा विनीने तिला अडवलंच. "एकदा बोल गं. तू तीस वर्षं इथली सगळ्यात चांगली नर्स आहेस. तू बोललीस तर आपल्यातल्या किती पोरी येतील."

"तू वाघीण आहेस, विने," मेना म्हणाली. "मला माझ्या स्वयंपाकघरात नुसतं बसायचंय."

मेनाची आई नोनी त्याच गावाच्या वेशीवर, फिरस्त्यांच्या वस्तीत राहत होती. लेक कुठे आहे, कोणाची बायको आहे, हे तिला सगळं ठाऊक होतं. ती कधी गेली नाही. एकदाच, ट्रेलरच्या पायरीवरून पडून मनगट मोडलं म्हणून अपघात विभागात आली, आणि पडदा सरकवून आत आली ती मेना. शेजारी डॉक्टर उभा. "नाव काय, आजी?" मेनाने विचारलं. "नोनी मॉन्गन." "दुखतंय का फार?" "आता नाही." मेनाने प्लास्टर घातलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून घातलं. पुढे ते कापल्यावर नोनीने प्लास्टरची दोन्ही शकलं मागून घेतली. ट्रेलरमध्ये सोनेरी काठाच्या बशा आणि मरियामातेची मूर्ती ज्या फळीवर होती, तिथेच ती ठेवली.

त्या वर्षी मार्चमध्ये मेना रोगी म्हणून दाखल झाली. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि कळेपर्यंत पार पसरला होता. करण्यासारखं काही उरलं नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने कितीतरी लोकांना ते सांगितलेलं होतं. तिसऱ्या मजल्यावर, पार्किंगकडे खिडकी असलेल्या खोलीत तिला ठेवलं. विनी रोज जाई. सहकारी म्हणून.

"मोठी खोली रिकामी आहे," विनी एक दिवस म्हणाली. फिंटन तेव्हा खाली गेला होता.

"मला काय करायचीय मोठी खोली? आम्ही तिघंच."

"मेने, मावशीला आणू का?"

"इथे मेना कुणी नाही." तिने डोळे मिटून घेतले. "तीस वर्षं जो माणूस माझ्या शेजारी झोपला, त्याला आता मरता मरता सांगू, की बाबा, ती बाई दुसरीच होती? मी जाईन. तो काय करेल मागे राहून? प्रत्येक गोष्ट उचलून बघेल, की यात खरं काय होतं."

"खरं कळलं तर—"

"खरं तुझ्या भाषणात बरं दिसतं. शब्द दे मला. आईला नाही, कुणालाच नाही. बहीण म्हणून नको देऊस, तुमच्या शब्दांची किंमत मला माहितीय. नर्स म्हणून दे."

विनीने नर्स म्हणून शब्द दिला, आणि तो पाळायचा असं मनापासून ठरवलंही.

रविवारी ती नेहमीसारखी नोनीकडे गेली. न जाणं जास्त संशयाचं झालं असतं. नोनीने चहा ओतला, कुणाच्या घोडीला शिंगरू झालं ते सांगितलं, सुनेच्या नावाने खडे फोडले. मग बोलता बोलता थांबली.

"तू चहा पीत नाहीस."

"पितेय की."

"कप धरून बसलीयेस. तुझा बाप गेला तेव्हा अशीच बसली होतीस. कोण निघालंय?"

"कुणी नाही, मावशी."

"लॅरी? त्याच्या छातीचं मागेच बिघडलं होतं." विनीने नाही म्हणून मान हलवली. "बॅलिनास्लोची मॅगी? मग तिचा नवरा? टूमचं कुणी?" नोनी एकेक नाव घेत गेली आणि विनी नाही म्हणत गेली. म्हातारी थांबली. फळीवरच्या प्लास्टरकडे तिने पाहिलं नाही, ती विनीकडेच बघत होती. "मेना?"

विनीला फक्त मान हलवायची होती. मघापासून ती तेच करत होती. तिची मान हलली नाही.

नोनीने तिच्या हातातला कप काढून घेतला आणि खाली ठेवला. रडली नाही. "कुठे दुखतंय तिला?" एवढंच विचारलं.

"मावशी, देवाशप्पथ, कुणाला बोलायचं नाही."

"कुणाला बोलतेय मी?"

आणि नोनी खरंच कुणाला बोलली नाही. फक्त तिच्या मुलाला, मायलीला बोलली, कारण रुग्णालयापर्यंत गाडी तोच चालवणार होता. मायलीने फक्त बायकोला सांगितलं. बायकोने फक्त तिच्या आईला. माणूस निघाल्याची बातमी फिरस्त्यांमध्ये कुणाच्या मालकीची नसते, ती दाबून ठेवणं म्हणजे जाणाऱ्याचा हक्क मारणं, हे विनीने स्वतःच्या अभ्यासात लिहिलं होतं. त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि त्याच विनीने म्हातारीकडून शपथ घेतली आणि निश्चिंत घरी गेली.

सकाळी पार्किंग भरलं होतं. टूमच्या व्हॅन होत्या, लाँगफर्डच्या होत्या, मँचेस्टरहून रात्रीच्या बोटीने आलेली एक होती. माणसं लग्नाला यावीत तशी नटून आली होती. बायकांचे केस बांधलेले, कानात सोन्याची मोठी कर्णभूषणं, पुरुष सुटात, पोरांचे बूट चकचकीत. पण आवाज नव्हता. कुणी दाराकडे पाऊल टाकलं नव्हतं. नोनीने सगळ्यांना बजावलं होतं, की तिने बोलावल्याशिवाय कुणी आत जायचं नाही.

जेसी जिन्यातच भेटली. "विनी, तुमची माणसं आलीत खाली. मी मोठी खोली उघडलीय, किटलीही ठेवलीय. पण एक कळेना मला, आपल्या मजल्यावर तुमच्यातलं कुणी दाखलच नाही. कुणासाठी आलेत?"

"थांब जरा," विनी म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

खोलीत फिंटन खिडकीशी उभा होता. मोठा, ओबडधोबड माणूस, शेतीच्या सामानाचं दुकान होतं त्याचं. "कल्हईवाले जमलेत बघ, फिल," तो म्हणाला. "जत्राच भरलीय." मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. "हसू नये खरं. त्यांचं कुणीतरी जात असेल. काही म्हण, पण येतात हो ही माणसं. तेवढं मानलं पाहिजे." तो वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "मला तेच लागतं गं. तुझ्यासाठी कुणी नाही यायला. एखादी बहीण असती तरी चाललं असतं."

मेना त्याच्याकडे बघत नव्हती. तिची नजर दारातल्या विनीवर होती.

"फिंटन, बर्फ आणतोस जरा? तोंड सुकलंय." तो गेला. दार लागलं. "तू सांगितलंस."

"मी नाही म्हटलं नाही. एवढंच झालं."

"शब्द दिला होतास."

"हो."

"नर्स म्हणून दिला होतास."

"नर्स कमी पडली, मेने," विनी म्हणाली, आणि रुग्णालयातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं तशी उभ्या उभ्या रडायला लागली.

"तुझ्या बापाच्या वेळी तुला आत सोडलं नाही, त्याची भरपाई तू माझ्या खाटेवर करतेयस." मेनाचा आवाज चढला नाही, चढण्याइतकी ताकदच नव्हती. "तू सगळ्या जगाला सांगत फिरतेस, रोग्याला विचारा, रोग्याला काय हवंय ते विचारा. मला विचारलं होतंस ना? मी सांगितलं होतं ना?"

विनीने आयुष्यभर ज्यांच्याशी भांडण केलं, त्या सगळ्यांनी हेच केलेलं होतं. माणसाच्या भल्याचं काय ते त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं ठरवून टाकलं होतं. लाजेने तिला वर बघवेना.

थोड्या वेळाने मेनाच म्हणाली, "कोण कोण आलंय?"

"सगळे."

"मायली?"

"सूट घालून आलाय. पोट सुटलंय त्याचं."

"त्याला शर्टाची बटणं लावता यायची नाहीत. मीच लावून द्यायचे." तिने उशीवरची मान खिडकीकडे वळवली. "आई?"

"व्हॅनमध्ये बसलीय. खाली उतरत नाही."

मेनाच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत राहिलं, तिने पुसलं नाही. "तिला आण," ती म्हणाली. "पण आई म्हणून नको. चॅपलमधून जपमाळ म्हणायला बायका येतात ना, तशी आण."

"असं कसं सांगू गं तिला?"

"माझं नाही ऐकलंस. तिला तरी विचार."

विनीने खाली जाऊन विचारलं. व्हॅनच्या पुढच्या सीटवर नोनी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ऐकून तिने कानातलं एक काढलं, दुसरं काढलं, मायलीच्या हातात दिली. रंगीत शाल काढली. विनीने आपला राखाडी कोट काढून तिला घातला, तो हातांना लांब झाला.

"बोलू कशी पण?" नोनीने विचारलं. "मी तोंड उघडलं की कळेल कुठली ते."

"प्रार्थना तेवढी म्हण. ती सगळ्यांची सारखीच असते."

खोलीत ओर्ला होती. म्हातारी गुडघे टेकायला लागली तशी ती पुढे धावली. "नको नको, आजी, खुर्चीवर बसा." नातीने आजी म्हटलं, पण कुठल्याही म्हातारीला म्हणतात तसं. नोनी खुर्चीवर बसली. मेना आणि ती, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. विनी दाराशी उभी होती, तिला वाटलं आता काहीतरी फुटणार. काही फुटलं नाही.

"आलात ते बरं झालं," मेना म्हणाली.

"हो, बाई."

"हात धराल माझा?"

"धरते, बाई."

नोनीने हात धरला आणि नमो मारिया म्हणायला सुरुवात केली. आवाज जाड, पण शब्द पाठ. उजव्या हातात माळ सरकत होती आणि डाव्या हाताचा अंगठा मेनाच्या तळव्यावर हळूहळू फिरत होता. वॅगनमध्ये पोरं झोपत नसली की नोनी तसा फिरवायची. विनीच्याही तळव्याला तो अंगठा ठाऊक होता. दुसरी फेरी संपेपर्यंत मेनाचा श्वास संथ झाला. तिला झोप लागली होती.

"काय जादू आहे हो तुमच्या हातात," ओर्ला हळूच म्हणाली. "दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता."

"झोपतात," नोनी म्हणाली. "सवयीचं असतं ते." आणि लगेच पुढची प्रार्थना धरली, आवाज जरा मोठा करून. विनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत राहिली.

जपमाळ म्हणणाऱ्या बायका पाच फेऱ्या झाल्या की उठतात. नोनीने शक्य तितक्या सावकाश म्हटल्या, तरी पाच फेऱ्या संपल्याच. बाहेर फिंटनचा आवाज ऐकू आला. नोनी उठली, मेनाचा हात चादरीखाली सारला, चादर खांद्यापर्यंत नीट केली. "येते, बाई," म्हणाली. झोपलेल्या लेकीला ते ऐकू गेलं नाही.

मेना त्यानंतर जागी झाली नाही. दुपारी गेली. खाटेपाशी फिंटन आणि ओर्ला होते. दोनच माणसं, जुन्या नियमात बसतील अशी. कॉरिडॉरच्या टोकाला मोठी खोली सकाळपासून उघडी होती, खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि जेसीने किटलीतलं पाणी दोनदा बदललं होतं.

विनी खाली गेली. तिला काही सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा बघून पुरुषांच्या डोक्यावरच्या टोप्या निघाल्या. बायकांनी तोंड उघडलं होतं, पण नोनीने व्हॅनमधून उतरून हात वर केला. फिरस्त्यांच्या घरात माणूस जातं तेव्हा अर्ध्या गावाला ऐकू जातं. त्या दिवशी पार्किंगमध्ये एक मूलसुद्धा रडलं नाही.

बऱ्याच वेळाने फिंटन आणि ओर्ला बाहेर आले. त्याच्या हातात मेनाची चपलांची पिशवी होती. गाडीकडे जायची वाट त्या माणसांमधूनच होती. तो चार पावलं आला आणि सुटातला एक जण पुढे झाला, त्याने हात पुढे केला. "वाईट झालं हो, साहेब."

या देशात तो हात कुणी नाकारत नाही. फिंटनने तो धरला. मग दुसरा आला. "वाईट झालं हो, साहेब." मग तिसरा, मग बायका, मग पोरंसुद्धा. त्याला कळेना की यांना कसं कळलं, आणि परक्यासाठी हे का थांबलेत. पण तो हात देत गेला, आणि देता देता हमसून रडायला लागला. मायलीने त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

शेवटी नोनी होती, व्हॅनच्या दाराशी. राखाडी कोट अजून अंगावर, पण कानात सोनं परत आलेलं.

"आजी, तुम्ही?" ओर्ला म्हणाली. "बाबा, यांनीच आईसाठी जपमाळ म्हटली."

फिंटनने डोळे पुसले. "तुमचंही आज कुणी गेलं ना, बाई? तुमची माणसं सकाळपासून उभी आहेत."

"हो."

"कोण?"

"लेक."

फिंटनने पिशवी खाली ठेवली आणि तिचा सुरकुतलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "वाईट झालं हो. फार वाईट झालं." मग त्याला राहवलं नाही. "पण नशीबवान म्हणायची तुमची लेक. एवढी माणसं आली तिच्यासाठी. माझ्या फिलला कुणीच नव्हतं."

"असतं तर आलं असतं, साहेब," नोनी म्हणाली. "नक्की आलं असतं."

ओर्ला नोनीच्या कानांकडे बघत होती, मग कोटाकडे. मग तिने वळून विनीकडे पाहिलं, आणि आयुष्यभर कुणापुढे नजर न झुकवलेल्या विनीने मान खाली घातली.

ते दोघं गेल्यावर नोनीने कोट काढून घडी घातली आणि विनीच्या हातात दिला. "ती पोरगी येईल तुझ्याकडे," ती म्हणाली. "माझ्यासारखेच डोळे आहेत तिचे, सुटायची नाही. मेनाने नको म्हटलं होतं. या खेपेला तरी ऐक तिचं."

"नाही सांगणार, मावशी."

"तोंडाने तू तेव्हाही सांगितलं नव्हतंस." नोनी व्हॅनमध्ये चढली. "तिच्यासमोर चहा नीट पीत जा."

अंत्यविधीनंतर आठवड्याभरात ओर्ला आली. पाटी असलेलं दार ढकलून आत आली आणि समोर बसली. विनीने दोन कप चहा केला. पोरीने आपल्या कपाला हात लावला नाही.

"त्या आजी कोण होत्या?" तिने विचारलं. "चॅपलमध्ये चौकशी केली मी. त्यांच्याकडून त्या दिवशी कुणीच आलं नव्हतं."

लपू नका, असं जिने सगळ्यांना शिकवलं, ती विनी तिच्याकडे बघत राहिली. तेच डोळे, तीच भुवई उंचावायची तऱ्हा. सांगायला एक शब्द पुरला असता, आणि नुसतं गप्प बसली असती तरी पोरीला कळलं असतं.

"असतील कुणी," विनी म्हणाली. "येतात अशा बायका." आणि तिने कप उचलला, आणि कढत चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.